विश्लेषण : हत्ती बुजले, तोफा थंडावल्या, तटावर उरली चांदबीबी!

टेबलावर मांडल्या जाणाऱ्या युद्धखेळांमध्ये दोन मोहऱ्यांवरून खेळाडूंचा कायम वाद होतो. पहिला मोहरा म्हणजे अजस्र प्राणी. ड्रॅगन, राक्षस किंवा युद्धहत्ती. सैन्य उभारताना सर्वांत महाग पडणारा, दिसायला सर्वांत भीतिदायक, पण नेमके चार घाव बसले की पटाबाहेर जाणारा. दुसरा मोहरा म्हणजे नाव असलेला नायक. तो अख्ख्या सैन्यात एकच असतो, त्याची दुसरी प्रत मिळत नाही आणि तो पडला की बाकीचे सैन्य कोलमडते. हे नियम कल्पित दुनियेसाठी लिहिलेले असले, तरी सोळाव्या शतकात ते धाराशिव, परंडा, नळदुर्ग, सोलापूर, अहमदनगर आणि विजापूर या पट्ट्यात खऱ्या माणसांनी भोगले. त्या पटावरचा एकमेव मोहरा होती चांदबीबी. तिने अकबराच्या फौजेला माघारी धाडले, हे शाळेच्या पुस्तकात असते. तिला मोगलांनी नव्हे, तर तिच्याच किल्ल्यातल्या माणसांनी का मारले, हे मात्र सहसा तपशिलाने सांगितले जात नाही.

युद्धखेळात ‘नाजूक राक्षस’ कुठून आले?

एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांनी लढाई खेळण्याचे नियम पुस्तकरूपात छापले. त्यात साधे पायदळ, घोडदळ आणि स्प्रिंगच्या तोफा होत्या. १९७१ मध्ये अमेरिकेत ‘चेनमेल’ नावाचे नियमपुस्तक आले, त्याच्या पुरवणीत ड्रॅगन आणि एकटाच अनेकांना भारी पडणारा वीर पटावर उतरला. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘वॉरहॅमर’ आले आणि हा प्रकार जगभर पसरला. महाराष्ट्राला छोट्या शिपायांचे नवल नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणारी पोरे हाच खेळ फाशांशिवाय खेळतात. बुद्धिबळात तर कोपऱ्यातल्या मोहऱ्याला मराठीत आजही हत्तीच म्हणतात.

मात्र बुद्धिबळातला हत्ती सरळ चालतो आणि कधी बुजत नाही. रणांगणातला हत्ती तसा नव्हता. बाण, दारूचे बाण, तोफेचा आवाज यांनी तो बिथरे आणि वळून आपल्याच पायदळाला तुडवत जाई. शिवाय सेनापती हत्तीवर बसे, कारण तो सगळ्यांना दिसला पाहिजे. म्हणजे राक्षस आणि नायक एकाच अंबारीत. १५५६ मध्ये पानिपतावर हेमूच्या डोळ्यात बाण लागला आणि जिंकत आलेली फौज उधळली. १६५८ मध्ये सामूगढला दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. रिकामी अंबारी पाहून तो मेला, असे सैन्याला वाटले. युद्धखेळांच्या अनेक नियमांत जखमी हत्ती कुठे पळेल हे फासा टाकून ठरवतात, ते उगीच नाही.

चांदबीबी या पटावर कशी आली?

लग्नातून. अहमदनगरचा हुसेन निजामशाह आणि खुंजा हुमायून यांची ही मुलगी. जन्म साधारण १५५० चा. पुढे चाळीसेक वर्षांनी ती ज्या तटावर उभी राहिली, तो अहमदनगरच्या भुईकोटाचा दगडी तट तिच्या बापानेच बांधून घेतला होता. विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची युती करायची ठरली, तेव्हा करारावर शिक्कामोर्तब म्हणून दोन लग्ने लावली गेली. चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली आणि अलीची बहीण अहमदनगरच्या मुर्तजाला. ज्या सोलापूरच्या किल्ल्यासाठी दोन्ही घराणी कित्येक वर्षे भांडत होती, तो चांदबीबीच्या आंदणात गेला. मुलगी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असावी.

या युतीचे फळ म्हणजे जानेवारी १५६५ ची तालिकोटची, अर्थात राक्षसतागडीची लढाई. विजयनगरचा सूत्रधार रामराया तेव्हा वृद्ध होता आणि पालखीतून सैन्य हलवत होता. समकालीन इतिहासकार फरिश्ता सांगतो, त्यानुसार निजामशाहीचा एक हत्ती पालखीच्या रोखाने धावला, भोई पालखी टाकून पळाले आणि रामराया पकडला गेला. हुसेन निजामशाहाने त्याचे शिर तिथेच उतरवले. ते भाल्यावर दिसताच विजयनगरचे प्रचंड सैन्य फुटले. पटावर हजारो प्यादी शिल्लक असताना डाव संपला. याच लढाईत निजामशाही तोफखान्याने तोफांत तांब्याची नाणी भरून जवळून मारा केला, असेही फरिश्ता लिहितो. ही नाण्यांची युक्ती पुढे पुन्हा दिसते.

परंड्याची तोफ या गोष्टीत कुठे बसते?

हत्ती जिवंत राक्षस होते, तसे काही राक्षस ओतीवही होते. १५४९ मध्ये अहमदनगरला ‘मुलूख-ए-मैदान’ ही तोफ ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. तोंड जबडा वासलेल्या सिंहासारखे आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. म्हणजे ओतणाऱ्यालाही ठाऊक होते की आता हत्तीला खाणारे जनावर आले आहे. ही तोफ पुढे धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये ती विजापूरला नेली गेली. आजही ती तिथल्या बुरुजावर आहे. पण एवढे धूड हलवायला बैल, हत्ती, माणसे आणि कोरडी वाट लागते. वाटेत नदी आली किंवा पाऊस पडला, की जगातली सर्वांत मोठी तोफही चिखलात रुतलेले धातूचे ओझे ठरते. नळदुर्गच्या उपळ्या बुरुजावर पडलेल्या लांबलचक तोफांकडे पाहिले, तरी हे पटते.

धाराशिवच्या लढाईचा तिच्या कैदेशी काय संबंध?

१५८० मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला. मूल नव्हते. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला आणि त्याचा सांभाळ चांदबीबीकडे आला. कारभारी कामिल खानाने मनमानी सुरू केली, तेव्हा तिने किश्वर खानाकडून त्याचा काटा काढला. लवकरच किश्वर खानही तसाच वागू लागला.

विजापूर डळमळते आहे हे पाहून अहमदनगरची फौज चालून आली. धाराशिवजवळ झालेल्या लढाईत विजापूरकरांनी तिचा पराभव केला. तोफा आणि बरेचसे हत्ती त्यांच्या हाती लागले. एवढ्या मोठ्या विजयानंतर खरे तर सगळे शांत व्हायला हवे होते. पण किश्वर खानाने हुकूम काढला, की सरदारांनी पकडलेले हत्ती सरकारजमा करावेत. ज्यांनी जीव धोक्यात घालून हत्ती मिळवले, ते बिथरले. त्यांनी चांदबीबीच्या संमतीने मुस्तफा खानाला कारभारी करण्याचा घाट घातला. किश्वर खानाला सुगावा लागताच त्याने बालराजाच्या शिक्क्याचा खोटा हुकूम पाठवून मुस्तफा खानाला ठार करवले. चांदबीबीवर त्याने आरोप ठेवला, की ती माहेरच्या भावाला चिथावून स्वारी करवते आहे. आणि तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले.

आयुष्यभर तिचा पिच्छा पुरवणारा आरोप इथे पहिल्यांदा दिसतो. विजापुरात ती अहमदनगरची हेर ठरली. पुढे अहमदनगरात ती मोगलांना फितूर ठरणार होती. तहासाठी दिलेल्या मुलीचा दोन्ही घरांना उपयोग असतो, पण भरवसा कुणालाच नसतो.

नळदुर्ग कसा टिकला?

किश्वर खानाची सत्ता फार दिवस चालली नाही. इखलास खान आणि इतर हबशी सरदारांनी उठाव केला, किश्वर खान पळाला आणि पुढे गोवळकोंड्यात मुस्तफा खानाच्या नातलगाने त्याला मारले. चांदबीबी साताऱ्याहून सुटून आली. तोवर अहमदनगरला गोवळकोंड्याची साथ मिळाली होती. दोन्ही फौजांनी नळदुर्गाला वेढा घातला.

मुरूमहून महामार्गाला लागून सोलापूरच्या दिशेने निघाले की बोरी नदीच्या काठी हा किल्ला लागतो. तिथला प्रसिद्ध पाणीमहाल नंतरचा, १६१३ चा. पण तट आणि नदीचे संरक्षण तेव्हाही होते. किल्लेदार मुहम्मद आका तुर्कमान याला पैशाचे आणि जहागिरीचे आमिष दाखवले गेले. तो वळला नाही आणि किल्ला पडला नाही. चांदबीबीच्या चरित्रात या किल्लेदाराला एखाददुसरी ओळ मिळते. पण दरबारात रोज कुणीतरी फुटत असताना हद्दीवरचा एक माणूस न फुटणे, ही त्या वर्षातली सर्वांत मोठी गोष्ट होती.

मग युतीची फौज थेट विजापूरवर गेली. आत सरदारांचे तट, बाहेर शत्रू आणि त्यात मुसळधार पावसाने तटाचा काही भाग ढासळला. चांदबीबीने लढाई तटावर जिंकली नाही, ती आधी दिवाणखान्यात जिंकली. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या हबशी आणि दख्खनी सरदारांना तिने एका कामाला लावले. खिंडार बुजवले गेले. कर्नाटकातल्या बारगी घोडेस्वारांना बोलावून वेढा घालणाऱ्यांचीच रसद तोडली. सुमारे वर्षभराने वेढा उठला.

ती अहमदनगरला का परतली?

विजापूरचा कारभार दिलावर खानाने आपल्या हाती घेतला आणि तिथे तिला काम उरले नाही. १५८४ च्या सुमारास इब्राहिमची बहीण अहमदनगरच्या राजपुत्राला दिली, तेव्हा तिच्यासोबत चांदबीबी माहेरी आली. तिथली अवस्था आणखी वाईट होती. तिचा भाऊ मुर्तजा १५८८ मध्ये स्वतःच्या मुलाच्या हातून मारला गेला. तो मुलगा वर्षभरही टिकला नाही. मग इस्माईल, मग दुसरा भाऊ बुऱ्हाण, मग त्याचा मुलगा इब्राहिम. १५९५ मध्ये हा इब्राहिमही लढाईत पडला, तेव्हा निजामशाहीत एकाच वेळी चार राजे होते. मियां मंजूने अहमद नावाचा एक पोरगा पुढे केला, इखलास खानाने मोती नावाचा दुसरा. नेहंग खानाने घराण्यातल्या वृद्ध शाह अलीला गादी देऊ केली. चांदबीबीने मृत इब्राहिमच्या तान्ह्या मुलाचा, बहादुरचा हक्क सांगितला. वारसाहक्काने पाहिले तर तिचीच बाजू खरी होती, पण मूल चावंडच्या किल्ल्यात विरोधकांच्या ताब्यात होते.

कोंडीत सापडलेल्या मियां मंजूने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शाहजादा मुरादला मदतीला बोलावले. मोगलांना निमंत्रणच हवे होते. ते आले तेव्हा मंजूला चूक उमगली आणि तो विजापूरची मदत आणतो, असे सांगून निघून गेला. किल्ला चांदबीबीने ताब्यात घेतला आणि बहादुरच्या नावाने द्वाही फिरवली.

२० फेब्रुवारी १५९६ ला तटावर काय घडले?

मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम यांनी डिसेंबर १५९५ मध्ये वेढा घातला. खानदेशचा राजा अली खानही त्यांच्या बाजूने होता. नेहंग खान एका रात्री मोगल छावणी कापत आपल्या थोड्या स्वारांसह किल्ल्यात शिरला. वृद्ध शाह अलीची माणसे मात्र मागे राहिली आणि बरीच कापली गेली.

तोफांनी तट पडेना, तेव्हा मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. मोगल छावणीतल्याच ख्वाजा मुहम्मद खान शिराजी या माणसाला किल्ल्यातल्या लोकांची दया आली. रात्री तटाजवळ येऊन त्याने सुरुंगांच्या जागा सांगितल्या. आतून उलटे खणत चांदबीबीच्या माणसांनी दोन सुरुंगांतली दारू काढून घेतली. तिसऱ्यावर काम चालू असतानाच मोगलांनी बत्ती दिली. खणणारे जागीच गेले आणि तटाचा सुमारे ५० गज भाग आकाशात उडाला.

खेळातली भाषा वापरायची, तर डाव इथे संपायला हवा होता. खिंडार पाहून किल्ल्यातले मोठे मोठे सरदार पळायच्या बेतात होते. तेवढ्यात चांदबीबी चिलखत चढवून, चेहऱ्यावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. पळणारे थबकले. मोगल उरलेले सुरुंग उडण्याची वाट पाहत राहिले. ते आधीच निकामी झाले आहेत हे त्यांना कळेपर्यंत खिंडारात तोफा आणि दारूचे बाण येऊन बसले होते. दुपारपासून अंधार पडेपर्यंत हल्ल्यामागून हल्ले झाले आणि खंदक प्रेतांनी भरला. रात्रभर दगड, माती, लाकूड, जे मिळेल ते रचून तट पुन्हा माणसाच्या उंचीपेक्षा वर नेला गेला. गोळे संपल्यावर तिने तोफांतून आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी डागली, असे खाफी खान हा नंतरचा इतिहासकार लिहितो. सोन्याच्या नाण्यांत थोडे मीठमसाला असेलही. पण नाणी तोफेत भरण्याची कला या घराण्याला तिच्या बापाच्या काळापासून ठाऊक होती. त्या दिवसापासून लोक तिला चांदबीबीऐवजी चांद सुलताना म्हणू लागले.

तिकडे विजापूरचा सुहेल खान २५ हजार स्वार घेऊन निघाल्याची बातमी आली. मोगल छावणीत धान्य संपत आले होते आणि मुराद व खानखानान यांचे एकमेकांशी पटत नव्हते. तह झाला. बहादुर राजा म्हणून मान्य, बदल्यात वऱ्हाड मोगलांना. एक किल्ला वाचवायला एक प्रांत गेला. वीरगाथेत हा भाग पटकन उरकला जातो, पण चांदबीबीचे खरे शहाणपण इथेच दिसते. तिला माहीत होते की खिंडारात रोज उभे राहता येत नाही.

तरीही शेवट असा का झाला?

वेढा उठताच जुने भांडण परत आले. तिने मुहम्मद खानाला पेशवा केले, तो डोईजड झाला. त्याला आवरायला तिने विजापूरहून सुहेल खानाला बोलावले, तर मुहम्मद खानाने मोगलांना पत्र धाडले. अखेर किल्ल्यातल्याच लोकांनी त्याला पकडून तिच्या स्वाधीन केले. १५९७ च्या सुरुवातीला गोदावरीकाठी सोनपेटजवळ सुहेल खानाच्या नेतृत्वाखाली दख्खनच्या तिन्ही फौजा मोगलांशी दोन दिवस लढल्या. राजा अली खान त्यात मारला गेला, पण मैदान खानखानानाने मारले. नवा पेशवा नेहंग खान याने तर बालराजाला आणि चांदबीबीलाच ताब्यात घेण्याचा डाव टाकला. तिने किल्ल्याचे दरवाजे त्याला बंद केले.

१५९९ मध्ये मुराद मेला. पुढच्या वर्षी अकबर स्वतः बुऱ्हाणपूरला येऊन बसला आणि शाहजादा दानियाल खानखानानासह पुन्हा अहमदनगरला आला. नेहंग खान जुन्नरकडे निघून गेला. या वेळी विजापूरहून कुणी येणार नव्हते. चांदबीबीने विचार केला की, किल्ला देऊन त्या बदल्यात राजाचा जीव आणि खजिना वाचवावा, त्याला घेऊन जुन्नरला जावे आणि दिवस पालटण्याची वाट पाहावी. चार वर्षांपूर्वी वऱ्हाड देऊन तिने हेच केले होते.

हा विचार तिने किल्ल्यातला अधिकारी जिता खान याला बोलून दाखवला. तो ओरडत रस्त्यावर गेला, की सुलताना मोगलांना मिळाली. जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला ठार केले. तो जुलै १६०० चा सुमार होता. ती तेव्हा पन्नाशीत होती. तेजाबाच्या विहिरीत तिने उडी घेतली ही कथा नंतरची, फरिश्त्याच्या वृत्तान्तात ती नाही. बहुधा आपल्याच माणसांनी मारले, हे सांगण्यापेक्षा विहीर सांगणे लोकांना सोपे वाटले असावे.

पटावर नायक पडल्यावर जे होते, तेच झाले. मोगलांनी सुरुंग उडवले, या वेळी खिंडारात कुणी उभे राहिले नाही आणि ऑगस्टमध्ये किल्ला गेला. जिला मोगलांना फितूर म्हणून मारले, तिच्यानंतर मोगलांनी किल्ल्यात कत्तल केली. बहादुरला ग्वाल्हेरच्या तुरुंगात पाठवले गेले.

आज तिच्या खुणा कुठे आहेत?

शहरालगतच्या डोंगरावर ‘चांदबीबी महाल’ नावाची तीन मजली अष्टकोनी वास्तू आहे, तिथे सहली जातात. ती तिची नाही. मुर्तजा निजामशाहाचा मंत्री सलाबत खान याची ती कबर आहे. १८५३ मध्ये निजामाकडून घेतलेल्या मुलखाचा कारभार पाहायला फिलिप मेडोज टेलर नळदुर्गाला राहिला होता. पुढे त्याने चांदबीबीवर इंग्रजीत कादंबरी लिहिली, ती त्याच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये छापली गेली. 

निजामशाही मात्र १६०० मध्ये संपली नाही. वेढ्यात माणसे गमावलेल्या त्या वृद्ध शाह अलीच्या मुलाला मलिक अंबर या हबशी सरदाराने मुर्तजा नावाने गादीवर बसवले. अहमदनगर मोगलांकडे होते, म्हणून राजधानी परंड्याला आली. सिंहाच्या जबड्याची ती तोफ त्या किल्ल्यात आणखी ३२ वर्षे होती.